आधी पुरावा दाखवा, मग कॉपीबहाद्दर म्हणा

पोरांनी रात्री जागून ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा रिपोर्ट, लिहायचं आणि कॉलेजने ते कुठल्यातरी फुकट वेबसाइटवर चिकटवून दोन मिनिटांत निकाल द्यायचा: "७८ टक्के एआय. हे तू लिहिलेलंच नाहीस." संपलं. ना चौकशी, ना प्रश्न. वर्गासमोर नाव घेऊन मोकळे. अरे, हा काय प्रकार आहे?

ते सॉफ्टवेअर नेमकं काय बघतं हे आरोप करणाऱ्यांनी कधी समजून घेतलंय का? मजकूर कुठून उचलला हे त्याला दिसतच नाही. पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो आणि सगळी वाक्यं एकाच घडणीची आहेत का, यावरून ते अंदाज बांधतं. भाषा सरळ, ठरावीक, पाठ्यपुस्तकी असली की ठोकला एआयचा शिक्का. आणि अशी इंग्रजी आपल्याकडे लिहितं कोण? दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं. 'द मेन ऑब्जेक्टिव्ह ऑफ धिस प्रोजेक्ट इज टू स्टडी...' हे वाक्य त्यांना तुम्हीच शिकवलंत, मागच्या दहा बॅचच्या रिपोर्टमध्येही तेच आहे. वर व्याकरण तपासणाऱ्या ॲपने चुका काढल्या की उरलासुरला खडबडीतपणाही जातो आणि टक्का आणखी चढतो.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये असे सात एआय डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिलेले ठरले. अमेरिकन आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ बिनचूक ओळखले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जानेवारी २०२३ मध्ये आणला आणि अचूकता कमी म्हणून जुलैत मागे घेतला. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्याच ऑगस्टमध्ये टर्निटिन या नक्कल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा एआय डिटेक्टर बंद केला. त्यांचा हिशोब साधा होता: वर्षाला ७५,००० पेपर आणि चूक फक्त एक टक्का धरली, तरी ७५० पेपरांवर खोटा आळ. टर्निटिन स्वतः सांगतं की केवळ या आकड्यावर कारवाई करू नका. आणि आमच्याकडे त्याच आकड्यावर इंटर्नलचे मार्क शून्य!

त्यात सिमिलॅरिटी (दुसऱ्या मजकुराशी जुळणारा भाग) आणि एआय यांतला फरकही न कळणारे आहेत. सिमिलॅरिटी रिपोर्टमध्ये कुठली ओळ कुठल्या स्रोताशी जुळते ते रंगाने दाखवलेलं असतं, ते उघडून वाचता येतं. वाचा ना मग! सर्टिफिकेट, डिक्लरेशन, आभाराचं पान, प्रश्नाचा मजकूर, संदर्भसूची हे सगळ्या वर्गाचं सारखंच असतं, ते वगळल्याशिवाय आकडा फुगणारच. पहिला ड्राफ्ट रिपॉझिटरीत, म्हणजे सॉफ्टवेअरच्या साठ्यात, ठेवला असेल तर दुसऱ्या वेळी मुलाचं लिखाण त्याच्याच लिखाणाशी जुळतं आणि टक्का नव्वदच्या पुढेही जाऊ शकतो. अपलोड करताना 'नो रिपॉझिटरी' निवडलं असतं तर हे झालंच नसतं. चूक तुमची, शिक्षा पोराला.

"यूजीसीचा नियम आहे, १० टक्क्यांच्या वर चालत नाही" हेही ठणकावून सांगतात. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे वाङ्मयचौर्याचे नियम एकदा उघडा. असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट, उत्तरपत्रिका त्यातून स्पष्ट वगळल्यात. ते थिसिस, डिझर्टेशन, शोधनिबंधांसाठी आहेत. आणि तिथेसुद्धा अवतरणं, संदर्भसूची, कायदे, प्रमाणित समीकरणं मोजायची नाहीत, समिती नेमायची आणि नैसर्गिक न्यायाने, म्हणजे समोरच्याचं ऐकून घेऊनच निर्णय द्यायचा.

सगळ्यात चीड येते ती माफीनाम्याची. केबिनमध्ये बोलवायचं, दार लावायचं, "लिहून दे, विषय इथेच मिटवू, नाहीतर विद्यापीठात पाठवतो" म्हणायचं. एकोणीस वर्षांचं पोर घाबरून सही करतं आणि तो कागद कबुलीजबाब म्हणून फायलीत जातो. मुलांनो, केलं नसेल तर एक ओळही लिहून देऊ नका. "आरोप लेखी द्या, मी लेखी उत्तर देईन" एवढंच म्हणा. पूर्ण रिपोर्ट मागा: टूलचं नाव, तारीख, कुठले परिच्छेद, काय वगळलं होतं. नुसता स्क्रीनशॉट घेऊ नका.

मग आपला पुरावा गोळा करा. गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर फाइल मेन्यूतली व्हर्जन हिस्ट्री उघडा. कुठल्या दिवशी, किती वाजता काय टाईप झालं ते तिथे दिसतं. वर्डची फाइल वनड्राइव्हवर असेल तर तिथेही जुन्या आवृत्त्या मिळतात. मात्र दुसरीकडे लिहून शेवटी एकगठ्ठा पेस्ट केलं असेल तर हिस्ट्रीत एकदम पूर्ण मजकूर दिसतो आणि तोच उलटतो; अशा वेळी मूळ नोट्स, कच्च्या वहीचे फोटो, सर्वेचे भरलेले फॉर्म, गाइडला पाठवलेले मेल जोडा. आणि व्हायवा (तोंडी परीक्षा) स्वतःहून मागा. ज्याने लिहिलंय तो नमुना कसा निवडला, तिसऱ्या तक्त्यातला आकडा कुठून आला, हे सांगू शकतो. पंधरा मिनिटांत खरं-खोटं कळतं. ती पंधरा मिनिटं काढायची नाहीत आणि पोराचं वर्ष मात्र घालवायचं, ही कसली शिस्त?

तरी ऐकत नसतील तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज द्या. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे मूल्यमापनातली अपारदर्शक किंवा अन्यायकारक पद्धत ही तक्रारच आहे. समितीने शक्यतो १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा. तो मान्य नसेल तर निर्णय मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील. अर्ज नुसता त्यांच्या हातात देऊन परत येऊ नका. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही-शिक्का घ्या. क्लार्क "साहेब नाहीत, उद्या या" म्हणाला तर तोच अर्ज त्याच दिवशी प्राचार्यांना ईमेल करा आणि स्पीड पोस्टानेही पाठवा, पावती जपून ठेवा.