मावशींच्या पगाराचा मेसेज

आज डोकं सटकलंय, पोस्ट लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मामांना बघायला सरकारी दवाखान्यात गेलो होतो, तर जिन्यात वॉर्डातल्या मावशी भेटल्या. दोन वर्षांपूर्वी बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा ह्याच रात्रपाळीला होत्या. त्यांनीच ओळखलं. बाबांची चौकशी केली आणि मग हळूच मोबाईल पुढे धरला, "दादा, हा पगाराचा मेसेज आहे का बघा ना." लोनची जाहिरात होती हो! तुमचं पाच लाखांचं कर्ज मंजूर म्हणे. आणि इकडे बाईंना तीन महिने पगार नाही.

ठेकेदाराला विचारलं की तो सांगतो वरून बिल निघालं नाही, ऑफिसात गेलं की साहेब सांगतात तुम्ही आमच्या नाहीच, एजन्सीला विचारा. वॉर्ड सरकारचा, पेशंट सरकारचा, बेडपॅनसुद्धा सरकारी, फक्त ते उचलणारी बाई कुणाचीच नाही!

बरं कायदा नाही असंही नाही. ठेकेदारानं पगार थकवला तर मूळ मालकानं द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातच लिहिलं होतं, आता त्याच्या जागी आलेल्या कामगार संहितेतही आहे. मग मूळ मालक कोण इथे? मी?

त्या रात्री टाक्यांमुळे बाबांना हलता येईना आणि चादर भिजलेली. मी नुसता खांबासारखा उभा. मावशींनी बाबांना एका कुशीवर घेतलं, ओली चादर गुंडाळत पाठीपर्यंत आणली, तिला लागून कोरडी अंथरली, मग बाबांना अलगद दुसऱ्या कुशीवर वळवून पलीकडून ओली ओढून काढली. दोन मिनिटं लागली असतील. बाबा कण्हलेसुद्धा नाहीत. मी घरी आल्यावर करून बघितलं, नाही जमलं. आणि ह्या बाईच्या कागदावर काय लिहिलंय, तर अकुशल.

कायम झाले की काही जण कामाला हात लावत नाहीत, मान्य. असले नमुने मीही बघितलेत. तिजोरीत खडखडाट आहे हेही ऐकून झालंय. पण मार्च 2023 मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांचा संप झाला तेव्हा मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेतला संप रोखायचा कायदा, कसा झटपट मंजूर झाला? संप करायचा म्हटलं की सेवा अत्यावश्यक, आणि पगाराच्या तारखेला ती अत्यावश्यक नसते का? पगार किती ते सरकारनं ठरवावं, कमी-जास्त काय ते भांडून घेऊ, पण मग तो सरकारनंच द्यावा ना थेट खात्यात, मधला हा ठेकेदार कशाला पोसायचा?

जाऊ दे. चिडून काय होणार, मीही बाबा घरी आल्यावर परत त्या वॉर्डकडे फिरकलो नव्हतो. नावसुद्धा विचारलं नव्हतं मावशींना. आज विचारलं.

निघताना म्हटलं, मावशी, हा फालतू मेसेज डिलीट करून देऊ का? तर म्हणाल्या, "नको दादा, राहू दे. तो लोनवाल्याचा नंबर आहे ना त्यात."