मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होत नाही

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: बीट, हळद किंवा पालक उकळा, मूठभर मीठ आणि अर्धी वाटी व्हिनेगर घाला, कोणताही जुना कपडा बुडवा. रंग म्हणे जन्मभर जाणार नाही, आणि सगळं शंभर टक्के निरुपद्रवी. घरी कापड रंगवायचा नाद मलाही आहे, म्हणून हे उत्तर.

आधी बीट. किसताना हात लालभडक होतात खरे, पण ते संध्याकाळपर्यंत स्वच्छही होतात. कापडाचंही तेच. हा रंग पाण्यात विरघळतो आणि उकळतानाच मरायला लागतो. दोन धुण्यांत उरतो तो मळकट बदामी. पालकाचं तर नावच नको.

हळदीची गोष्ट वेगळी. ती सुती कापडाला कुणाच्या मदतीशिवाय लागते. वरणाचा डाग पडलेला शर्ट कुणाकडे नाही? पण त्या डागावर साबण घासा, लाल होतो (हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर). मग उन्हात वाळत घाला, फिका पडतो. थोडक्यात, हळदीचा कुर्ता हळदीच्या दिवसापुरताच.

मीठ आणि व्हिनेगर कामाचे आहेत, पण दुसरीकडे. सुतासाठीचे काही कृत्रिम रंग धाग्यात नीट ओढले जावेत म्हणून मीठ घालतात. लोकर-रेशमाच्या आम्लरंगांना व्हिनेगर लागतं. झाडापानांच्या रंगाला हवी तुरटी. तिच्यातलं ॲल्युमिनियम एका हाताने धागा धरतं, दुसऱ्याने रंग. सुताला मात्र तुरटीही नीट धरत नाही, म्हणून आपले रंगारी कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवत आले. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे त्याचं तुरट द्रव्य, तुरटीला धरून ठेवतं. घरी करायचं तर धुण्याच्या सोड्यात उकळून कापडाची खळ काढा. 100 ग्रॅम कोरड्या सुती कापडाला साधारण 20 ग्रॅम हिरडापूड, नंतर 15 ग्रॅम तुरटी, आणि शेवटी कांद्याच्या सालींचं उकळलेलं पाणी. साली कापडाच्या वजनाइतक्या तरी हव्यात. सोनेरी पिवळा येतो, आणि तो हळदीपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. जन्मभर मात्र मीही म्हणणार नाही. त्याच पाण्यात दोन गंजके खिळे टाकले की रंग शेवाळी होतो. हावरटपणा नको, जास्त लोखंडाने सूत कुजतं.

‘कोणताही कपडा’ म्हणाल तर पॉलिस्टरवर यातलं काहीही चालत नाही.

राहिला ‘निरुपद्रवी’. हिरवा खुलावा म्हणून मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायला सांगणारेही आहेत. मोरचूद विषारी आहे, ते घरात आणूच नका. आणि नुसती तुरटी वापरलीत तरी रंगाचं पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. आमच्याकडे एक चेपलेलं स्टीलचं पातेलं त्यासाठीच राखून ठेवलंय. पाहुणे कितीही येवोत, त्यात चहा होत नाही.