दक्षिणेचं दार बुजवू नका

डोंबिवलीला मावशीच्या हॉलमध्ये पूर्वेच्या भिंतीवर खडूची रेघ आहे. गवंडी मारून गेलाय. तिथे भिंत फोडून नवं दार काढायचं, दक्षिणेचं आहे ते बुजवायचं. खर्च सव्वादोन लाख. कारण काय, तर एक फॉरवर्ड: ‘फेंगशुई म्हणजे आपलंच वास्तुशास्त्र, बौद्ध भिक्षूंनी चीनला नेलं. म्हणून दोन्हींत दक्षिणेचं दार अशुभ. चिनी लोक यामुळेच श्रीमंत झाले. घरात लाफिंग बुद्धा, बांबू आणि तीन पायांचा बेडूक ठेवा.’ नात्यातल्या तिघांनी तिला हा पाठवला. एकानेही तपासला नाही.

दक्षिणेचं आधी घेते, कारण भिंत त्यापायी फुटणार आहे. हे साफ उलटं आहे. चिनी परंपरेत दक्षिणेला तोंड असलेलं घर सगळ्यांत पसंतीचं. बीजिंगचा निषिद्ध राजवाडा बघा. मिंग सम्राट योंगलने तो १४०६ ते १४२० या काळात बांधला. मुख्य दरवाजा थेट दक्षिणेला, त्याची मधली कमान सम्राटासाठी राखीव. सिंहासनाचं तोंडही दक्षिणेलाच. पाठीशी उत्तरेला डोंगर हवा, म्हणून खंदकाची माती रचून टेकडी उभी केली. ती जिंगशान टेकडी आजही तिथे आहे. दक्षिणेचं दार अशुभ असतं तर चीनच्या सम्राटाने स्वतःच्या घराला ते ठेवलं असतं का?

चिन्यांच्या या दिशेच्या नियमात थोडं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात गोठवणारा वारा मंगोलियाच्या बाजूने येतो आणि ऊन दक्षिणेकडून. पाठीला डोंगर, तोंड उन्हाकडे, ही तिथली शहाणी घरबांधणी. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर जिन्याकडे उघडणाऱ्या दाराचा त्या वाऱ्याशी काही संबंध नाही.

भिक्षूंचं म्हणाल तर बौद्ध धर्म इथून चीनला गेला हे खरं, साधारण पहिल्या शतकात. पण त्याच्या कितीतरी आधी, झोऊ या प्राचीन चिनी घराण्याच्या राजांच्या काळात, राजधानीची जागा कासवाच्या कवचाचा कौल लावून ठरवत. आणि फेंगशुई म्हणजे ‘वारा-पाणी’, या नावाचा आधार म्हणून जो ग्रंथ दाखवतात, ग्वो पू (मृत्यू इ. स. ३२४) याच्या नावावरचा, तो दफनाचा ग्रंथ आहे. वाऱ्याने ‘ची’, म्हणजे जीवनशक्ती, विखुरते, पाण्याशी थांबते, तेव्हा पूर्वजांची थडगी कुठे असावीत, हा त्याचा विषय.

लाफिंग बुद्धा हा गौतम बुद्ध नव्हे, बुदाई नावाचा झोळीवाला चिनी भिक्षू. ‘लकी बांबू’ बांबूच नाही, आफ्रिकेतलं ड्रासिना आहे. ठेवायचे तर ठेवा, त्याने भिंत पडत नाही. श्रीमंतीचं तर बोलूच नये: १९६६ नंतर माओच्या सांस्कृतिक क्रांतीत खुद्द चीनमध्येच फेंगशुईवाल्यांना अंधश्रद्धा पसरवणारे म्हणून छळलं गेलं.

मावशीच्या त्या रेघेपासून वीतभर अंतरावर कॉलम आहे. सोसायटीची परवानगी नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरने भिंत पाहिलेली नाही, आणि खाली दोन बिऱ्हाडं राहतात. गवंडी सोमवारी येणार आहे. फॉरवर्ड पाठवणाऱ्या तिघांनी त्याआधी तिला फोन करावा.