टवका उडालेल्या काचेवर हीटगन नको

"गाडीच्या पुढच्या काचेला खडी लागली? फेविक्विकचा थेंब सोडा, वरून हीटगन नाहीतर लायटर धरा, तडा मिळून येतो." बेळगाव-खानापूरकडे मोबाइलवर फिरणारा हा सल्ला काच घालवणारा आहे.

तडा मिळून येत नाही. काच मऊ पडायला सुमारे ७०० अंश लागतात. हीटगनच्या कढत हवेने तापलेला भाग प्रसरतो, म्हणून तडा घडीभर दिसेनासा होतो. पण भोवतालची थंड काच ताणली जाते आणि तडा टोकाकडून पळत सुटतो. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये प्लास्टिकचा पडदा. तो फार तापला की बुडबुडे येतात, ते परत जात नाहीत. लायटर तर एकाच ठिपक्यावर आग ओततो, वर काजळी बसते ती वेगळीच.

गोंदाचं नुकसान आणखी मोठं. तो टवक्यात थिजून रेझिनची, म्हणजे दुरुस्तीत टवक्यात भरतात त्या पारदर्शक द्रवाची, वाट अडवतो. मग चांगल्या कारागिरालाही हात टेकावे लागतात.

उष्णतेचं खरं काम एकच, ओल घालवणं. पावसाळ्यात चोर्ला किंवा आंबोलीच्या वाटेवर टवक्यात पाणी मुरतं. त्यावर रेझिन भरलं तर आत पांढुरका डाग राहतो. आधी टिश्यूने टिपा. मग केसांचा ड्रायर मंद ठेवून, गाडीच्या आतून, वीतभर लांबून, सतत फिरवत दोन-तीन मिनिटं ऊब द्या. काचेवर तळहात आरामात टेकवता आला पाहिजे. चटका बसला तर थांबा. ओल गेली की काच आपोआप निवू द्या, ओला फडका किंवा एसी नको. तापलेल्या काचेत तडा मिटलेला असतो, रेझिन नीट शिरत नाही.

"उन्हात ठेवलं की रेझिन पक्कं होतं" हे अर्धंच खरं. ते ऊब लागून नव्हे, उन्हातल्या अतिनील किरणांनी घट्ट होतं. म्हणून भरताना गाडी सावलीत हवी, नाहीतर ते आत पोचण्याआधीच थिजतं. पूर्ण भरल्यावरच वर पारदर्शक प्लास्टिकची फिल्म लावून ऊन दाखवा. ढगाळ दिवसांत अतिनील किरणांचा (यूव्ही) दिवा घ्या.

तडा काचेच्या कडेला पोचला असेल, ड्रायव्हरच्या नजरेसमोर असेल किंवा आतल्या काचेलाही इजा असेल, तर काच बदलायचीच. बहुतेक गाड्यांच्या दाराची काच दुरुस्त होत नाही, ती फुटली की चुराच होतो.

टवका उडाल्याबरोबर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. धूळ आणि पाणी आत गेलं नाही, तर बहुतेक वेळा ड्रायरचीही गरज पडत नाही.