आईचं गोंदण आणि जपानचं गरम पाणी

आज सकाळी ग्रुपवर एक व्हिडिओ आला. टॅटू असलेल्या एका पर्यटकाला जपानमध्ये ओन्सेनच्या, म्हणजे गरम झऱ्याच्या सार्वजनिक स्नानगृहाच्या, दारातून परत पाठवतायत. खाली आपल्याच लोकांच्या कमेंटी: "बरं झालं", "शिस्त शिका यांच्याकडून". डोकंच फिरलं माझं.

गेल्या वर्षी मी आईला जपानला नेलं होतं. आई ६८ वर्षांची. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण आहे: तुळशीवृंदावन, ठिपक्यांची ओळ आणि बाबांचं नाव. नवी नवरी असताना गावच्या जत्रेत गोंदवून घेतलेलं. चारचौघींत कपडे काढून पाण्यात बसायचं, यासाठी तिचं मन वळवायला मला दोन दिवस लागले. शेवटी तयार झाली. युकाता (तिकडचा सुती झगा) नेसून, छोटा टॉवेल घेऊन काउंटरपाशी आली. तिथल्या मुलीने हात बघितला, दोन्ही हातांची फुली केली आणि कमरेत वाकून माफी मागितली. कातडीच्या रंगाची तळहाताएवढी एक पट्टी पुढे केली. तेवढ्या पट्टीत गोंदण झाकलं तर चालेल म्हणे.

आईने मला विचारलं, "अगं, हात मळका वाटला का तिला?"

याकुझा, म्हणजे जपानी गुंडांच्या टोळ्या, मला माहीत आहेत; टॅटूला बंदी त्यांच्यामुळे. पाठभर गोंदवलेले गुंड शेजारी येऊन बसले तर साधी माणसं घाबरणारच, मान्य. घर त्यांचं, नियम त्यांचे, तेही मान्य. पण आईकडे बघून कोण घाबरणार होतं?

आणि ही गोंदणाची नावड काही त्यांची युगायुगांची नाही. जपानच्या तेव्हाच्या मेइजी सरकारने १८७२ला गोंदण्यावर बंदी घातली, ती १९४८ला उठली. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या मूळच्या ऐनू जमातीच्या बायका ओठांभोवती गोंदायच्या, त्यांची ती रीत सरकारनेच मोडली. त्याच होक्काइदोत २०१३ला हनुवटीवर गोंदण असलेल्या, न्यूझीलंडच्या मूळच्या माओरी समाजातल्या एका बाईंना ओन्सेनमध्ये घेतलं नाही. वाचलं तेव्हा हळहळले होते. आईच्या वेळी कळलं की नुसती हळहळ किती स्वस्त असते.

त्या मुलीवर राग नाही माझा. बिचारी कानापर्यंत लाल झाली होती, तिला वरून जे सांगितलंय ते ती करत होती. राग आहे तो इथे घरात बसून टाळ्या पिटणाऱ्यांवर. तुमच्या आजीच्या कपाळावर, हातावर काय होतं रे? मेल्यावर अंगावरचं सगळं उतरवतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, हे तुम्हीही ऐकलेलंच आहे ना?

पुढे आम्ही किनोसाकी या गरम झऱ्यांच्या गावी गेलो. तिथली सार्वजनिक स्नानगृहं टॅटूवाल्यांना खुली आहेत. (कुणी जाणार असाल तर सरळ तिथेच जा, किंवा तासावर मिळणारं खाजगी कुंड घ्या.) कुणी अडवलं नाही, कुणी वळून पाहिलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने हसून मान लववली, आईनेही लववली. पाणी तिला फार आवडलं. गुडघे मोकळे झाले म्हणाली.

पण सगळा वेळ डावा हात तिने पोटाशी दुमडून, वर टॉवेल धरून पाण्याबाहेर ठेवला होता. मी दोनदा म्हटलं, आई, इथे चालतं. "असू दे गं," म्हणाली.