चादर चालेल, बाथरूम रोजच हवं

एका लेखात म्हटलंय की क्रूझवर केबिनची साफसफाई रोज कशाला, एक दिवसाआड पुरे; सफाई करणाऱ्यांचे कष्टही वाचतील. घरी तरी आपण रोज चादर बदलतो का? चादरीचं पटलं. बाकीचं नाही.

मागच्या दिवाळीनंतर आम्ही जळगावहून मुंबई गाठून गोवा-लक्षद्वीपची क्रूझ केली. बिनखिडकीची केबिन, चौघं जण. आपल्याकडे मे महिन्यात तारेवर टाकलेलं धुणं अर्ध्या तासात कडक वाळतं. तिथे सकाळचा टॉवेल रात्रीही ओलाच, हातात घेतला की कुबट वास. दुसऱ्या दिवशी आम्हीच 'आज सफाई नको' सांगितलं. संध्याकाळी पाहतो तर बाथरूमच्या पडद्याखाली पाणी साचलेलं, कचऱ्याची डबी भरून वर आलेली. सासूबाई ७२ वर्षांच्या, घसरता घसरता वाचल्या.

त्यात जहाज म्हणजे नोरोव्हायरसची भीती. उलट्या-जुलाबांचा हा विषाणू नळावर, दाराच्या मुठीवर टिकून राहतो आणि सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही; हात साबणानेच धुवावे लागतात. नॉर्वेजियन क्रूझ लाइन या जहाज कंपनीने २०२३ मध्ये दिवसातून दोनदाची सफाई एकदा केली, तेवढं ठीक. त्याखाली जाऊ नये.

सफाई करणाऱ्या पोरांचे कष्ट वाचतील, हेही मला खरं वाटत नाही. काम घटलं की माणसं घटतात, उरलेल्यांच्या वाट्याला केबिनी वाढतात. आमची केबिन साफ करणारा पोरगा आम्ही नाश्त्याला गेलो की भराभर सगळं आवरून जायचा. उतरताना त्याच्या हातात पैशांसोबत रावेरच्या केळी वेफर्सचं पाकीट दिलं, तर किती वेळ ते धरून उभा होता.