"४० वॉटचा बास कॉम्बो ड्रमरपुढे ऐकूच येत नाही" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार, तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू नीट वाचला. तुम्ही लिहिलंय की आमच्याकडून घेतलेला १० इंची स्पीकरचा ४० वॉटचा बास कॉम्बो (बास गिटारचा ॲम्प आणि स्पीकर एकाच डब्यात) घरी मस्त वाजतो, पण बँडच्या पहिल्याच प्रॅक्टिसला ड्रमर सुरू झाला आणि बास गायब, व्हॉल्यूम अर्ध्याच्या वर नेला की आवाज फाटतो, आणि गिटारवाल्याचा ३० वॉटचा ॲम्प मात्र सगळ्यांना पुरून उरत होता. म्हणजे एकतर पीस खराब आहे, नाहीतर आम्ही १५ इंचीच्या जागी हा गळ्यात मारला. तुमची चिडचिड अगदी समजते हो, सगळे वाजवतायत, आपली बोटं तारांवर चाललीयेत आणि स्वतःलाच काही ऐकू येत नाहीये, याने माणूस बास सोडून द्यायच्या गोष्टी करायला लागतो. ते होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहितोय, बाकी कोणी बास ॲम्प बघत असेल तर त्यालाही उपयोग होईल.

आधी पीसबद्दल. ॲम्प घेऊन या, आम्ही तुमच्यासमोर चेक करतो, स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) फाटला असेल किंवा त्यामागची कॉइल घासत असेल तर कमी आवाजातही खरखर येते आणि तो भाग वॉरंटीत बदलून मिळेल, त्यात वाद नाही. पण घरी कमी आवाजात स्वच्छ वाजतोय आणि वर नेल्यावरच फाटतोय असं तुम्हीच लिहिलंय, आणि त्यावरून ॲम्प बिघडलेला वाटत नाही, त्याची ताकद संपतीये असं वाटतं. व्हॉल्यूमचा नॉब अर्ध्यावर आहे म्हणजे निम्मी पॉवर वापरली असं नसतं, गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा तो नॉब) चढवलेला असेल आणि बास नॉब, म्हणजे खालच्या सुरांचा, पूर्ण उघडा असेल तर नॉब अर्ध्यावर यायच्या आतच ॲम्प फुल पॉवरला पोचलेला असतो.

आता ३० वॉट आणि ४० वॉटचा प्रश्न, कारण सगळा गोंधळ इथेच आहे आणि तो फक्त तुमचा नाहीये, बास घ्यायला आलेले बहुतेक जण वॉटचा आकडा बघूनच तुलना करतात. गिटारची सर्वात खालची ई तार साधारण ८२ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ८२ कंपनांवर वाजते, बासची ई ४१ हर्ट्झला, आणि पाच तारांच्या बासची बी तर ३१ च्या आसपास. एक सप्तक खाली तेवढ्याच जोराचा आवाज काढायचा तर स्पीकरच्या कोनला चौपट आतबाहेर हलावं लागतं. घरी गेल्यावर ग्रिलमधून बघा, मोकळी ई तार वाजवली की कोन डोळ्यांना दिसेल इतका पुढेमागे होतो, तेच बाराव्या फ्रेटवर, म्हणजे एक सप्तक वर, वाजवलं तर जेमतेम हलल्यासारखा वाटतो. त्यावर आपल्या कानाची तऱ्हा अशी की त्याला २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यातलं सगळ्यात चांगलं ऐकू येतं आणि खालचं कमी, गिटारचा चावा, म्हणजे तिचा टोकदार आवाज, बरोबर त्याच पट्ट्यात असतो. शिवाय गिटारचे स्पीकर कमी पॉवरमध्ये जास्त आवाज देतील असे बनवलेले असतात, आणि गिटारवाल्याचा ॲम्प फाटला तर तो त्याला टोन म्हणतो, बासवाल्याला मात्र स्वच्छ आवाज हवा असतो आणि त्यासाठी पॉवर शिल्लक ठेवावी लागते. म्हणून गिटारच्या ३० वॉटसमोर बासचे ४० वॉट टिकत नाहीत, कुठल्याही कंपनीचे घ्या.

वॉट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल (आवाजाच्या जोराचं माप) वाढतो. कानाला साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे पॉवर दहापट. त्यामुळे ४० चा ६० वॉट घेतला असता तरी प्रॅक्टिसला हेच झालं असतं. आणि ईक्यूवर, म्हणजे बास-मिड्स-ट्रेबलच्या नॉबवर, बास १२ डेसिबल चढवला तर त्या खालच्या सुरांना सोळापट पॉवर लागते, ती ४० वॉटच्या ॲम्पने आणायची कुठून? तुमचा आवाज फाटतोय तो इथे. तुमची सेटिंग मी बघितलेली नाही, पण घरी एकट्याने वाजवताना जवळजवळ सगळेच बास आणि ट्रेबल (वरचे सूर) वर, मिड्स (मधले सूर) खाली असं ठेवतात कारण एकट्यात ते फार गोड लागतं. बँडमध्ये खालचा भाग किक ड्रमखाली दबतो, वरचा भाग सिंबल आणि गिटार खाऊन टाकतात, आणि बास जिथून ऐकू यायचा तो २५० ते ८०० हर्ट्झचा पट्टा आपणच कापून टाकलेला असतो.

तर पुढच्या प्रॅक्टिसला एवढं करून बघा. बास नॉब मधोमध किंवा थोडा खाली, मिड्स निम्म्याच्या वर, आणि गेन इतकाच की जोरात तार मारली तरच क्लिपचा, म्हणजे सिग्नल फाटायला लागल्याचा, दिवा लुकलुकेल. कॉम्बो जमिनीवर गुडघ्यांकडे तोंड करून ठेवू नका, मजबूत स्टुलावर भिंतीला लागून ठेवा आणि थोडा मागे कलता, भिंतीमुळे खालचा आवाज भरतो आणि मिड्स थेट तुमच्या कानात येतात. कोपऱ्यात ठेवला तर आवाज वाढतो खरा पण एखाद-दुसरा सूर विनाकारण घुमतो, ते टाळा. आणि प्रॅक्टिस रूममध्ये पीए (सगळ्या बँडचा मिक्सर आणि मोठे स्पीकर) असेल तर तुमच्या कॉम्बोच्या मागे डीआय आउट, म्हणजे मिक्सरला थेट सिग्नल द्यायचं सॉकेट आहे, त्यातून सरळ मिक्सरला जा, मग बँडला बास पीएमधून ऐकू येईल आणि कॉम्बो फक्त तुमच्या कानापुरता राहील. गुंगुं असा हम आला तर शेजारचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. एक मात्र करू नका, त्याला बाहेरून दुसरा स्पीकर जोडायच्या भानगडीत पडू नका, त्या मॉडेलला एक्स्टेन्शनची सोयच नाहीये.

१५ इंचीबद्दल माझं मत वेगळं आहे. मोठा स्पीकर म्हणजे खोल बास हे समीकरण तितकंसं खरं नाही, खोली ठरते ती स्पीकरच्या डिझाइनवर आणि डब्याच्या आकारमानावर, छोटा डबा, खोल बास आणि भरपूर आवाज ह्या तीन गोष्टी एकत्र कधीच मिळत नाहीत, त्यातल्या दोनच पदरात पडतात. १९६९ ला आलेला ॲम्पेगचा एसव्हीटी बघा, ३०० वॉटचा ट्यूब हेड (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा, स्पीकरशिवायचा वेगळा ॲम्प) आणि त्याच्याबरोबर आठ १० इंची स्पीकरचं कॅबिनेट, मोठमोठी स्टेज त्यावर गाजली आणि त्यात १५ इंची एकही नाही. उलट त्याच कंपनीचा १९६० चा बी-१५ एकाच १५ इंची स्पीकरचा होता, पॉवर ३० वॉटच्या आत-बाहेर, आणि जेम्स जेमरसनसारखा बासिस्ट तो वापरायचा. तो स्टुडिओत लाडका झाला कारण तिथे समोर माइक होता, ड्रमरशी आवाजात झुंजायचं नव्हतं. तुम्हाला ४० वॉटचा १५ इंची दिला असता तर घरी थोडा गुबगुबीत वाजला असता, प्रॅक्टिसला तक्रार हीच राहिली असती.

गळ्यात मारला हा शब्द मात्र मला लागला, म्हणून तेवढं सांगतो. ॲम्प घेताना आम्ही प्रत्येकाला विचारतो की ड्रमरबरोबर वाजवणार का, तुम्हालाही विचारलं होतं, तेव्हा तुम्ही घरी शिकण्यापुरता हवाय म्हणालात. त्या कामाला हा कॉम्बो आजही उत्तम आहे, हेडफोन लावून रात्री वाजवता येतो, ऑक्समधून (मोबाइल जोडायच्या सॉकेटमधून) गाणं लावून सोबत वाजवता येतं, एका हातात उचलता येतो. नंतर बँड मिळाला ही आनंदाचीच गोष्ट आहे, फक्त आता गरज बदलली.

या गरजेला काय लागेल ते सांगतो. ड्रमरबरोबर पीएशिवाय वाजवायचं तर साधारण २०० ते ३०० वॉटच्या पुढचं बघा, आणि स्पीकर दोन १० इंची किंवा चांगला १२ वा १५ इंची. ४० वरून ३०० वर गेलात तर जवळजवळ ९ डेसिबल मिळतात, आणि एकाऐवजी तसेच दोन स्पीकर असले तर तेवढ्याच पॉवरमध्ये खालच्या आवाजात अजून साधारण ३. स्पेसिफिकेशन वाचताना ॲम्पच्या मागची बारीक अक्षरं जरूर बघा, खूप कॉम्बोंवर मोठ्या अक्षरात ५०० वॉट लिहिलेलं असतं पण ते ४ ओहमला (ओहम हे स्पीकरच्या विद्युत रोधाचं माप), म्हणजे बाहेरून अजून एक ८ ओहमचं कॅबिनेट लावून एकूण रोध निम्मा झाल्यावर. नुसता कॉम्बो ८ ओहमवर चालतो तेव्हा त्यातले साधारण ३०० ते ३५० च मिळतात. हे फसवणं नाहीये, कॅबिनेट नंतर जोडून सेटअप वाढवता येतो म्हणून तसं असतं, पण घेताना माहीत असायला हवं. आणि कमीत कमी ४ ओहम लिहिलेल्या ॲम्पला त्याच्या खाली नेऊ नका, बंद पडेल नाहीतर जळेल. वजनाला घाबरू नका, क्लास डी नावाच्या हलक्या सर्किटचे ॲम्प आणि स्पीकरमध्ये हलके निओडिमियम मॅग्नेट आल्यापासून एवढ्या पॉवरचे कॉम्बो २० किलोच्या आत मिळतात, पूर्वीचे उचलायला दोन माणसं लागायची.

आमच्याकडून असं करू, तुमचा कॉम्बो चांगल्या स्थितीत असेल तर आम्ही परत घेतो आणि त्याची रक्कम मोठ्या कॉम्बोत वळती करतो. घ्यायची घाई नाही, वर सांगितलेली सेटिंग आधी करून बघा, कदाचित पीएवर भागेल आणि खर्चच वाचेल. यायचं झालं तर दुपारी या, तेव्हा गर्दी नसते आणि ॲम्प खरोखरच्या आवाजात वाजवता येतो. येताना तुमचाच बास आणा, आणि जमलं तर ड्रमरलाही घेऊन या, आतल्या खोलीत ड्रमकिट लावलेलं आहे, त्याच्यासमोर दोन-तीन कॉम्बो वाजवून बघा आणि मग ठरवा.